शरणपूर रोडवर एक पाटी लावा, राबाईला गेलेल्या आपल्या माणसांसाठी

मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका, शहरातले सगळे लोकप्रतिनिधी, शाळांचे मुख्याध्यापक, आणि शरणपूर भागातली जुनी ख्रिस्ती मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मागणी पहिल्यांदाच सांगते, म्हणजे कुणाचा वेळ जायला नको. शरणपूर रोडवर, येताजाता लोकांच्या नजरेला पडेल अशा जागी, एक साधी दगडी पाटी लावा आणि तिच्यावर विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड, जेकब वेनराईट, मॅथ्यू वेलिंग्टन ही नावं मराठीत कोरा. ही आफ्रिकन माणसं होती आणि ही नाशिकची माणसं होती, दोन्ही एकदम खरं आहे. यातल्या पहिल्या तिघांनी तर बायकांसह आफ्रिकेतल्या एका खेड्यात जाऊन संसार मांडला, त्या गावाचं नाव राबाई, केनियात मोंबासाजवळ. आज तिथल्या म्युझियममध्ये आपल्या शहराचं नाव भिंतीवर आहे आणि आपल्याकडे त्यांचं नाव कुठंच नाही, हे मला गेली काही वर्षं सारखं टोचतंय म्हणून हे पत्र.

मी शरणपूर रोडवरनंच शाळेत जायचे. दहा वर्षं गेले त्या रस्त्यानं, आणि एकदाही मनात आलं नाही की शरणपूर म्हणजे नक्की कोण कुणाला शरण आलेलं. नाव आहे बस, जसं पंचवटी आहे, द्वारका आहे. पुढं लग्नानंतर मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही मोंबासाला सहा वर्षं काढली. तिथं न्याली पूल ओलांडून उत्तरेला गेलं की एक चौक लागतो, त्याला केंगेलेनी म्हणतात. केंगेले म्हणजे स्वाहिलीत घंटा. चौकात खरंच एक जुनी घंटा आहे, कमानीखाली, चारी बाजूंनी मटाटूंचा, म्हणजे तिथल्या वडाप मिनीबसचा, हॉर्न आणि भाजीवाले आणि धूळ. त्या भागाचं नाव फ्रेरेटाऊन. हे नाव मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्यावरनं पडलं, ज्याच्या नावाचा फ्रियर रोड मुंबईत होता, आताचा पी. डिमेलो रोड. मला हे कळलं तेव्हा मी घरी येऊन मॅप उघडून बसले, की मुंबईच्या गव्हर्नरचं नाव इथं कसं काय. आणि मग धागा ओढत ओढत जे निघालं ते थेट आमच्या शाळेच्या रस्त्यापर्यंत येऊन पोचलं.

आता राबाईबद्दल सांगते, कारण सगळं तिथं आहे.

मोंबासाहून नैरोबी हायवेनं निघायचं, माझेरासला उतरायचं, तिथनं बोडाबोडा म्हणजे भाड्याची मोटरसायकल करून आत जायचं. चढाचा रस्ता, दोन्ही बाजूला नारळ, आंबा, मधनं मधनं मक्याची आणि कसाव्याची शेतं. कोकणातलं कुणी डोळे बांधून तिथं नेऊन सोडलं तर त्याला पाच मिनिटं तरी आपण परदेशात आहोत हे कळणार नाही. वर टेकडीवर आलं की खाली खाडी दिसते, लांब मोंबासा दिसतं. तिथले लोक मिजिकेंडा, त्यातलेच राबाई. त्यांची जुनी वस्ती असायची दाट राईच्या आत, तिला काया म्हणतात. आपल्याकडच्या देवराईसारखंच, झाड तोडायचं नाही, वाटेल तसं आत जायचं नाही. या काया २००८ साली युनेस्कोनं जागतिक वारशात घेतल्या, त्यात राबाईच्याही आहेत.

या टेकडीवर १८४६ च्या ऑगस्टमध्ये दोन जर्मन आले, योहान लुडविग क्राफ आणि योहानेस रेबमान. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे. दोघांच्याही अंगात ताप होता, गाढवावर बसत उतरत कसेतरी वर पोचले. क्राफ त्याच्या दोन वर्षं आधी, १८४४ मध्ये मोंबासाला आला होता बायकोला घेऊन, रोझीन तिचं नाव. दिवस भरलेले. जुलैमध्ये बाळंत झाली आणि मलेरियानं गेली, पाठोपाठ काही दिवसांत ती तान्ही मुलगीही गेली. दोघींना समोरच्या किनाऱ्यावर पुरलं, न्यालीच्या बाजूला, ती जागा अजून आहे. क्राफनं ती कबर मिशनची सुरुवात मानली आणि तसंच सोसायटीला लिहून कळवलं. मी त्या जागी उभी राहिलेय. मला धर्मातलं फार कळत नाही, मी ख्रिस्तीही नाही, पण मी त्याच शहरात तापानं फणफणलेल्या लेकराला घेऊन रात्रभर बसलेय आणि माझ्याकडे औषध होतं, डॉक्टरचा फोन नंबर होता, खाली गाडी होती. रोझीनकडे काय होतं? त्या काळी मलेरिया डासानं होतो हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. मिशनरी म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर पांढरा झगा घातलेला एकटा पुरुष येतो, पण त्या पुरुषाच्या मागे बहुतेक वेळा एक बाई होती, आणि कबर पहिली तिची खोदली गेली.

क्राफ १८५३ मध्ये तब्येतीमुळे परत गेला. रेबमान राहिला. हाच तो, ज्यानं ११ मे १८४८ ला किलिमांजारोवर बर्फ बघितलं आणि युरोपातल्या घरबसल्या भूगोलवाल्यांनी त्याला खोटं पाडलं, ती गोष्ट बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते म्हणून लांबवत नाही. मला त्याच्यापेक्षा मोठं वाटतं ते त्याचं नुसतं राहणं. लग्न केलं, बायको एम्मा तिथंच राबाईत त्याच्याबरोबर राहिली आणि १८६६ मध्ये गेली. हा २९ वर्षं राहिला. शब्दकोश करत बसला, एकेक शब्द विचारून, दृष्टी जात चालली तरी. आणि या सगळ्या वर्षांत ख्रिस्ती किती झाले म्हणाल तर बोटावर मोजण्याइतके. पहिला बाप्तिस्मा एका अपंग माणसाचा, तोही मरणाच्या दारात असताना. राबाईच्या म्हाताऱ्या मंडळींनी त्यांना टेकडीवर जागा दिली, ये जा ठेवली, ऐकून घेतलं आणि बहुतेकांनी आपलं आपण जसं जगत होतो तसंच जगणं चालू ठेवलं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडे मिशनरी म्हणलं की लगेच वाटतं की गेले आणि गावच्या गाव फिरवून टाकलं. राबाईत गाव ठाम होतं, पाहुणे दमले होते.

मग नाशिक येतं.

त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरनं, झांझिबार किलवा या बाजूनं, माणसं पकडून बोटीत कोंबून अरबस्तानाकडे विकायला नेत. ब्रिटिश नौदलाची जहाजं अशा बोटी अडवायची आणि आतल्या लोकांना सोडवायची, पण सोडवलेल्यांना ठेवायचं कुठं, त्यांचं गाव शेकडो मैल आत, पोरांना तर गावाचं नावसुद्धा धड सांगता येत नाही. मग एडन, मुंबई अशा बंदरांत उतरवायचे. मुंबईत आलेल्या अशा पोरांना मिशनवाले घ्यायचे. क्राफचा इथिओपियातला जुना सहकारी आयझेनबर्ग पुढे मुंबईच्या मिशनमध्येच होता, म्हणजे ओळखी आधीपासनं जुळलेल्या. आणि नाशिकला विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्यानं १८५० च्या दशकात शहराबाहेर ख्रिस्ती वसाहत उभी केली, तिचं नाव शरणपूर. १८६० च्या सुमारास या आफ्रिकन पोरापोरींना तिथं आणलं. शाळा, बायबल, इंग्रजी, आणि हाताला काम, सुतारकाम, लोहारकाम वगैरे. आईबापापासनं तोडलेली, विकलेली, समुद्रातनं उचललेली पोरं गोदावरीच्या काठी मोठी झाली, नाशिकच्या बाजाराची बोली कानावर घेत. शरणपूर नावाचा अर्थ मला चाळिशीत कळला तो हा असा.

रेबमान तिकडे राबाईत एकटा पडत चाललेला, त्याला माणसं हवी होती. १८६४ मध्ये शरणपूरची ही माणसं त्याच्याकडे गेली. जॉर्ज डेव्हिड, इश्माएल सेमलर, विल्यम जोन्स, आणि त्यांच्या बायका. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना बॉम्बे आफ्रिकन म्हणतात, म्हणजे मुंबईनं नाव घेतलं आणि नाशिक मागे राहिलं.

मला वाटतं या जाण्याचा आपण नीट विचारच केलेला नाही. जर्मनीहून इंग्लंडहून आलेल्या मिशनऱ्याला निदान परत जायला देश होता. या तरुण जोडप्यांचं काय? ज्या आफ्रिकेत ती 'परत' निघालेली ती राबाईची आफ्रिका त्यांची नव्हतीच, कुणी याओ जमातीचा, कुणी आणखी कुठला, सगळी आतल्या मुलखातली, आणि राबाईची भाषा त्यांना तितकीच परकी जितकी मला. दिसायला तिथल्यासारखी, बोलायला वागायला नाशिककडची, कपडे वेगळे, खाण्याच्या सवयी वेगळ्या. गोऱ्यांना ती पुरती आपली वाटत नव्हती आणि गावाला ती पुरती गावची वाटत नव्हती. त्यात बाहेर किनाऱ्यावर गुलामांचा धंदा चालूच, म्हणजे एकदा विकलं गेलेलं माणूस त्याच बाजाराच्या उंबऱ्यावर बायको घेऊन राहायला आलेलं. तरी ती राहिली. शाळा धरली, प्रार्थना चालवल्या, स्वाहिली शिकली, भांडणं मिटवली, शेतं कसली. रेबमानची दृष्टी गेली तसं रोजचं काम त्यांच्याच हातात आलं. १८७३ मध्ये बार्टल फ्रियर गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झांझिबारच्या सुलतानाशी बोलणी करायला आला होता तेव्हा राबाईलाही गेला, त्याला रेबमान म्हातारा आणि जवळजवळ आंधळा झालेला भेटला. १८७५ मध्ये रेबमान शेवटी जर्मनीला गेला, बरोबर राबाईचाच एक तरुण, आयझॅक न्योंडो, हात धरून घेऊन गेला त्याला. पुढच्याच वर्षी तो वारला.

लिव्हिंगस्टनचं प्रकरण थोडक्यात सांगते कारण ते काहींना माहीत असतं. १८६५ मध्ये आफ्रिका धुंडाळणारा प्रसिद्ध प्रवासी डॉ. लिव्हिंगस्टन मुंबईला आला आणि शेवटच्या प्रवासाला नाशिकची नऊ मुलं बरोबर घेऊन गेला. त्यानं डायरीत त्यांच्याबद्दल बऱ्याचदा चिडून लिहिलंय, काही मधेच सोडून गेली, काही मेली. पुढे आणखी काही नाशिकवाले त्याच्याकडे पाठवले गेले, त्यात जेकब वेनराईट आणि मॅथ्यू वेलिंग्टन. १ मे १८७३ ला आताच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला तेव्हा सुसी आणि चुमा या त्याच्या आफ्रिकन सोबत्यांच्या पुढाकारानं या लोकांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं, शरीर मीठ लावून उन्हात वाळवलं आणि खांद्यावर घेऊन समुद्रापर्यंत चालत आणलं, दीडेक हजार किलोमीटर, नऊ महिने. त्या झाडाखाली अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती जेकब वेनराईटनं. झाडाच्या खोडावर नाव तारीख कोरली तीही त्यानंच. वाटेत भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्यानं सुचवलं की इथंच पुरून टाका, त्यांनी ऐकलं नाही. १८ एप्रिल १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीबरोबर चालणाऱ्या आठ जणांत एक आफ्रिकन होता, तो वेनराईट. शरणपूरला शिकलेला! लंडनच्या त्या ॲबीत नाशिकचा विद्यार्थी चालला आणि नाशिकच्या एकाही शाळेत मुलांना हे सांगत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. मॅथ्यू वेलिंग्टन तर खूप जगला, १९३५ मध्ये मोंबासाला वारला.

या सगळ्या गाजावाजानंतर सोसायटीला जाग आली आणि १८७४ च्या शेवटी तेच प्राइससाहेब, शरणपूरवाले, मोंबासाला पाठवले गेले. १८७५ मध्ये फ्रेरेटाऊन वसलं. शरणपूरचे उरलेले आफ्रिकन, कुटुंबंच्या कुटुंबं, तिकडे गेली, दीडशेच्या आसपास माणसं. म्हणजे नाशिकची वसाहत उठून मोंबासाला जाऊन बसली असंच म्हणायला पाहिजे. त्याच वर्षी नौदलाच्या जहाजानं दोनशेच्या वर नुकतीच सोडवलेली माणसं तिथं आणून उतरवली, हाडाची काडं झालेली, भेदरलेली, आणि त्यांना सांभाळायला पुढे आली ती हीच नाशिकची कुटुंबं, कारण बोटीच्या तळाशी काय असतं हे त्या सबंध वसाहतीत फक्त त्यांनाच माहीत होतं. प्रत्येक घराला झोपडी आणि एक शांबा, म्हणजे शेताचा तुकडा. आणि ती चौकातली घंटा? ती चर्चला बोलवायला नव्हती नुसती. गुलामांचे मालक वस्तीवर चालून येतील अशी भीती असायची, तेव्हा ती वाजवायची.

आता ज्या माणसामुळे मी हे पत्र लिहायला बसले त्याच्याकडे येते. विल्यम जोन्स.

१८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टननं जोन्स आणि सेमलर दोघांना डीकनपदाची, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली. त्याच वर्षी बिशप युगांडाला निघाला तो जोन्सला घेऊनच. वाटेत बिशपनं बहुतेक माणसं जोन्सच्या हवाली केली आणि थोड्या जणांना घेऊन पुढे गेला, आणि २९ ऑक्टोबरला बुसोगात युगांडाच्या राजाच्या हुकमानं मारला गेला. जोन्स वाट बघत थांबला. बातमी आली. मग तो उरलेली माणसं घेऊन सगळं अंतर मागे तुडवत १८८६ च्या फेब्रुवारीत राबाईला पोचला, पुढे एक निळं निशाण, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'ईखाबोद', बायबलमधला शब्द, वैभव निघून गेलं असा अर्थ. राबाईच्या चढावरनं ती रांग वर येताना जिनं बघितली असेल, आपला नवरा त्यात आहे की नाही हे शोधत, त्या जोन्सच्या बायकोचा मी फार विचार करते.

पण त्याच्यापेक्षाही मोठी गोष्ट पुढे आहे आणि ती इंग्रजी पुस्तकांत दोन ओळींत उरकतात. मोंबासाच्या किनाऱ्यावर गुलामगिरी कायद्यानं बंद झाली १९०७ मध्ये. तोपर्यंत व्यापारावर बंदी, पण ज्याच्याकडे गुलाम आहे त्याचा तो मालक. त्यामुळे नारळाच्या बागांतनं, शेतांतनं लोक पळून येत. त्यांना वातोरो म्हणत, पळालेले. पळून जायचं कुठं, तर राबाईला, कारण तिथं चर्च चालवणारा माणूस स्वतः एकेकाळी विकला गेलेला होता. कायद्यानं त्यांना परत करायला हवं होतं. ब्रिटिश कॉन्सुल मिशनला बजावत होता की दुसऱ्याचे गुलाम लपवू नका, सोसायटीलाही भानगड नको होती. जोन्स राबाई सांभाळत असताना तिथली वातोरोंची वस्ती वाढतच गेली. १८८८ मध्ये ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचा माणूस मॅकेन्झी आला आणि मोजायला बसले तेव्हा किनाऱ्यावरच्या मिशनच्या वस्त्यांत मिळून १४०० च्या वर पळालेले निघाले, त्यातले सगळ्यात जास्त राबाईत. मालक शस्त्रं घेऊन यायच्या बेतात. शेवटी त्यांना माणशी भरपाई देऊन प्रकरण मिटवलं आणि १ जानेवारी १८८९ ला राबाईत त्या लोकांना सुटकेचे कागद वाटले.

आयुक्तसाहेब, जरा डोळ्यासमोर आणा. शरणपूरला ज्याला आसरा मिळाला त्यानं राबाईत शेकड्यानं माणसांना आसरा दिला, कायदा बाजूला ठेवून, वरिष्ठांचा राग ओढवून घेऊन. आपल्या शहराचा याच्याइतका सरळ आणि याच्याइतका चांगला परिणाम परदेशातल्या कुठल्या गावावर झालाय मला सांगा. द्राक्षं गेली असतील आपली जगभर, पण हे वेगळं आहे.

काही लोक म्हणतील, मिशनऱ्यांची कसली पाटी, धर्मांतर केलं त्यांनी, इंग्रज सरकार मागोमाग आणलं. मी हे टाळणार नाही. मिशन आणि साम्राज्य त्या किनाऱ्यावर हातात हात घालून आलं, ज्या कंपनीनं भरपाई दिली तिनंच पुढे त्या मुलखाचा कारभार घेतला आणि १८९५ मध्ये सगळं ब्रिटिश सरकारच्या ताब्यात गेलं. आणि मिशनच्या आतही सगळं पवित्र नव्हतं. फ्रेरेटाऊनच्या एका युरोपीय सुपरिंटेंडंटनं १८८० च्या सुमारास वसाहतीतल्या लोकांना चाबकानं फोडून काढलं, बोंबाबोंब झाली, चौकशी झाली, त्याला जावं लागलं. गुलामीतनं सोडवून आणलेल्या माणसांना चाबूक! नाशिकच्या या मंडळींना गोऱ्यांपेक्षा कमी पगार, कमी मान, तरुण पोरगेलासा इंग्रज येऊन वीस वर्षं काम केलेल्या जोन्सच्या डोक्यावर बसायचा. त्यांनी ते मुकाट सोसलं नाही, तोंडावर बोलले, तक्रारी केल्या, आणि त्याबद्दल 'उर्मट' हा शिक्का घेतला. म्हणून तर मला वाटतं की पाटी त्यांचीच हवी. मिशनच्या इमारतीची नको, गव्हर्नरची नको. ज्यांनी काम केलं, चाबकाला विरोध केला, पळालेल्याला दार उघडलं आणि संसारही केला, त्यांची.

आणि धर्माचं म्हणाल तर तो त्यांचा प्रश्न होता. ज्या श्रद्धेनं त्यांना उभं केलं ती माझी नाही, पण तिनं त्यांच्याकडनं काय करून घेतलं ते मला दिसतंय. राबाईच्या कायेतले जुने देवही तिथंच आहेत आणि १८८० च्या दशकातलं चर्चही तिथंच आहे, चालत जाण्याच्या अंतरावर.

मी पहिल्यांदा राबाईच्या म्युझियममध्ये गेले, जुन्या चर्चच्या इमारतीत आहे ते, तेव्हा तिथल्या काकांनी वहीत नाव लिहायला सांगितलं. गावाच्या रकान्यात मी नाशिक लिहिलं. त्यांनी वही स्वतःकडे ओढली, वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, नासिक? खरंच नासिक? आणि मग मला सोडेचनात. दुसऱ्या माणसाला हाक मारली, त्यानं तिसऱ्याला. चहा आला. एका आजींना घेऊन आले, त्यांचं म्हणणं होतं की त्यांचे पूर्वज 'बॉम्बे'वाले होते, आणि त्यांनी मला विचारलं की नासिकमध्ये नदी अजून आहे का. मी म्हणलं आहे. त्यांनी विचारलं, आमची शाळा आहे का, आमच्याबद्दल तिथं काय लिहिलंय. मला काही उत्तर देता आलं नाही. मी म्हणलं मी परत जाऊन बघते.

परत येऊन बघितलं, काही लिहिलेलं नाही. एका कार्यालयात गेले तर मला दुसरीकडे पाठवलं, तिथनं तिसरीकडे, शेवटी एका साहेबांनी विचारलं की यांचे कुणी नातेवाईक अर्ज करणार आहेत का. मी राग धरलेला नाही, त्यांनाही माहीत नव्हतं. पण आता लेखी आणि सगळ्यांसमोर मागतेय.

पाटीवर फार मजकूर नको. नावं, साल, शरणपूर ते राबाई एवढं. मराठीत, इंग्रजीत आणि स्वाहिलीत, कारण तिकडचं कुणी आलं तर त्याला वाचता आलं पाहिजे. त्या बायकांचा उल्लेख 'आणि त्यांची कुटुंबं' असा शेपटीला लावू नका, वेगळ्या ओळीत लिहा, की या स्त्रियांनी तिथं घरं उभी केली. शाळांना माझी विनंती, जिल्ह्याची माहिती शिकवता तेव्हा एक तास या गोष्टीला द्या. नकाशावर पोरांना बोटानं नाशिक ते मोंबासा रेघ ओढायला लावा. मी स्वतः येऊन सांगायला तयार आहे, कुठल्याही शाळेत, फोटो आहेत माझ्याकडे राबाईचे, केंगेलेनीच्या घंटेचे, रोझीन क्राफच्या कबरीचे. आणि शरणपूरच्या जुन्या घरांतल्या मंडळींनो, तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, चर्चच्या जुन्या रजिस्टरात जर या मुलांची नावं, लग्नाच्या नोंदी, एखादा फोटो असेल तर तो कृपा करून रद्दीत जाऊ देऊ नका, मला कळवा, मी येऊन बघते, कॉपी करून मूळ तुमच्याकडेच ठेवते.

पाटीचा खर्च महापालिकेला जड होत असेल तर तेही सांगा, आम्ही काही जण मिळून वर्गणी काढू, दगड आणि कारागीर आम्ही बघू, फक्त जागा आणि परवानगी तुमची. त्या आजींना मी सांगून आलेय की पाटी लागली की फोटो पाठवते. त्यांचं वय बरंच आहे, म्हणून जरा लवकर.

आपली,
शरणपूर रोडवरनं शाळेत गेलेली एक नाशिककर